टिकली आत्याचा बायोडेटा

सोमवारी सकाळी सव्वादहाला माझ्या आत्याने भर ऑफिसात माझी अब्रू काढली, आणि तीसुद्धा तिथे न येता.

मी माणसांना नोकऱ्या शोधून देणाऱ्या ऑफिसात काम करते. लोकांचे बायोडेटा दुरुस्त करायचे, इंटरनेटवरची त्यांची प्रोफाइलं नीटनेटकी करायची, हा माझा रोजचा उद्योग. कुणी अकरा पानी पुराण घेऊन येतो, त्याचं मी दीड पान करते. कुणी शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीपासून सुरुवात करतो, त्याला मी हाताला धरून मुद्द्यावर आणते. या कामात माझा हात कोणी धरणार नाही असं मला वाटतं, आणि मी ते सगळ्यांना सांगतेही. तर त्या सोमवारी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तोंडावर हात दाबून हसत म्हणाली, "अगं, इकडे ये. असलं भन्नाट प्रोफाइल जन्मात पाहिलं नसशील."

मी वाकून पाहिलं. स्क्रीनवर माझी आत्या होती. एकदा समोरून, एकदा डाव्या बाजूने आणि एकदा चक्क पाठमोरी. खाली लिहिलं होतं: "वय बावन्न. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली. जवळचं बघायला चष्मा लागतो. बावीस वर्षांत सात वेळा उशीर, त्यातले दोन विनाकारण. सुपरवायझरला एकदा उलट बोलले. एक लॉट चुकून पास केला. कॉम्प्युटर येत नाही, हे पान भरायला तीन दिवस लागले."

बस्स. संपलं. एवढ्या भांडवलावर बाई नोकरी मागत होती.

"कोण असेल गं ही?" मैत्रिणीने विचारलं.

"असेल कुणीतरी," मी म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली होती म्हणून म्हणाले, लाज वाटली म्हणून म्हणाले, काय ते असो. ते वाक्य मला नंतर फार दिवस टोचत राहिलं.

आत्या कशी आहे ते सांगितल्याशिवाय हे कोणाला खरं वाटायचं नाही. ती कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस. भट्टीतून निघालेला कप तिच्या टेबलावर यायचा. ती तो उजेडासमोर धरायची, सावकाश फिरवायची, कडेवरून अंगठा न्यायची, बूड टेकवून डगमगतंय का बघायची आणि शेवटी नखाने एक टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पुढे. बद्द वाजला तर आत कुठेतरी केसाएवढी चीर आहे, लगेच त्यावर लाल कागदाची गोल टिकली. टिकली लागली की कप बाद. चांगल्या कपाला काही लावायचं नाही, त्याच्याबद्दल काही लिहायचं नाही. तो मुकाट्याने पेटीत जायचा. आत्याच्या वहीत नोंद व्हायची ती फक्त बाद मालाची, किती नग आणि कुठली खोट.

ही सवय कारखान्याच्या फाटकात थोडीच थांबणार? टिकल्यांचा रोल कायम तिच्या पर्समध्ये. करकरणाऱ्या दाराला टिकली, गळक्या नळाला टिकली, घरमालकाने नव्याने मारलेल्या रंगाला सहा टिकल्या. माझे बाबा लवकर गेले, आई दिवसभर कामावर, त्यामुळे शाळा सुटली की मी आत्याकडे. पोक काढून बसले की पाठीवर टिकली. एकदा ती तशीच घेऊन मी दुसऱ्या दिवशी शाळाभर हिंडले. मी पहिल्यांदा घरी आणलेल्या मित्राच्या छत्रीला तिने टिकली लावली, तर त्या येड्याला वाटलं हे बक्षीस आहे. आता तो माझा नवरा आहे. छत्री अजून तीच.

गल्लीत तिचं नावच टिकली आत्या पडलं. तिने कधी कोणाचं तोंडभरून कौतुक केलेलं कोणी ऐकलं नाही. मी वर्गात पहिली आले तेव्हा तिने माझं प्रगतिपुस्तक मागूनपुढून पाहिलं, खिडकीशी धरलं आणि काही न बोलता परत दिलं. मी आनंदाने उड्या मारल्या, कारण टिकली लागली नव्हती.

आता तो कारखाना महिनाअखेरीला बंद होणार होता. मालक थकले, मुलांना भट्टीत रस नाही, विषय संपला. ही बातमी कळताच मोठ्या काकांनी, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाने, दुसऱ्या शहरातून फोनवर फर्मान काढलं: "पुरे झालं आता. आमच्या वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. एक तारखेला टेम्पो घेऊन येतो." काका मनाने अगदी लोणी. पण त्यांच्या घरी गेलेला माणूस पाहुणा होतो आणि पाहुणाच राहतो. चहासुद्धा विचारून करावा लागतो. आत्याने उभं आयुष्य स्वतःच्या दोन खोल्या, स्वतःची किल्ली, स्वतःचं काम असं काढलेलं. तरी तिने भावाला शब्द दिला: "दादा, एक तारखेपर्यंत नोकरी लागली नाही, तर येते." आत्याने शब्द दिला म्हणजे दिला, तिथे मी पाय आपटून काही व्हायचं नव्हतं. हातात सव्वीस दिवस होते आणि बाईंनी सुरुवात केली होती ती पाठमोऱ्या फोटोने.

संध्याकाळी मी तिच्याकडे तडक धडकले.

"आत्या, काय लिहून ठेवलंयस हे?"

"का? सगळं खरं आहे."

"अगं, नोकरी मागताना कोणी स्वतःच्या खोटी सांगतं का?"

"मग काय करायचं? घरी नेल्यावर गिऱ्हाइकालाच कळू दे म्हणायचं?"

"आणि तो पाठमोरा फोटो?"

"नग सगळ्या बाजूंनी दाखवायचा असतो," ती शांतपणे म्हणाली. "खालच्या शिंपीणबाईंनी काढले. चांगले आलेत. हललेले नाहीत."

मी कपाळावर हात मारून घेतला. ते पान खाली उतरवलं आणि दोन दिवस खपून तिचा माझ्या पद्धतीने फक्कड बायोडेटा केला. "उत्साही, गतिमान, ध्येयवेडी, संघभावनेने भारलेली, गुणवत्तेचा अखंड ध्यास घेतलेली व्यावसायिक." स्वतःवर खूश होऊन तिच्या हातात दिला. आत्याने चष्मा लावला, कागद खिडकीशी नेला, उलटासुलटा केला आणि पर्समधून रोल काढला. मी मोजल्या. सतरा टिकल्या.

"ही बाई कोण?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? तू!"

"मी गतिमान? जिना उतरताना कठडा धरते मी. आणि भारलेली म्हणजे काय गं? कोणी मंतरलंय का मला?"

माझं डोकं सटकलं. माझं ते सटकायला फार वेळ लागत नाही. "मग तूच सांग ना! चांगल्या कपाबद्दल काय लिहितेस तू?"

"काही नाही."

"आणि अख्खा लॉट गाडीत चढतो तेव्हा? सोबत कागद जातोच की नाही?"

"जातो ना. लॉट नंबर, किती नग तपासले, किती पास, किती बाद. खाली माझी सही."

"त्यात लिहितेस का, की आमचे कप फार उत्साही आणि ध्येयवेडे आहेत म्हणून?"

आत्याला असं हसू फुटलं की चष्मा काढून पदराने डोळे पुसावे लागले. बावीस वर्षांत एवढं हसली नसेल. हसता हसता मला म्हणाली, "बये, चहा ठेव."

"ठेवते. पण आपण तोच कागद लिहायचा. कपांचा नाही, तुझा. किती नग तपासले?"

ती आत गेली आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. बावीस वर्षांच्या बावीस वह्या, अक्षर मोत्यासारखं. कुठल्या दिवशी किती कपांना चीर, किती बश्या वाकड्या, सगळं होतं. पास झालेल्यांचा आकडा मात्र कुठेच नव्हता. "तो मी कशाला ठेवू?" ती म्हणाली. "ते तर चांगले होते."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कारखान्यात गेले. डिस्पॅचचे कारकून म्हणजे कानावर पेन्सिल, तोंडावर बारा वाजलेले. मला वाटलं, हे गृहस्थ हाकलून देणार. मी आत्यासाठी आलेय म्हटल्यावर त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. "त्यांच्यासाठी ना? तीन दिवस द्या. जुनी रजिस्टरं माळ्यावर आहेत, काढतो." आणि त्या माणसाने खरंच धुळीने पांढरं होऊन सगळी रजिस्टरं काढली.

रविवारी सकाळी आत्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कारकुनांची चिठ्ठी ठेवली. आत्याने ती उभ्यानेच वाचली. पास: एकाहत्तर लाख चार हजार सहाशे बारा. गिऱ्हाइकाकडून परत आलेले लॉट: एक.

ती हळूच खुर्चीवर बसली. चिठ्ठी पुन्हा वाचली. आकड्यावरून अंगठा फिरवला, जसा कपाच्या कडेवरून फिरवायची.

"एवढे चांगले होते?" ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"मला आपलं वाटायचं, जन्मभर आपण फुटकंच बघत बसलो."

मला रडू आवरेना. "रडू नकोस," ती म्हणाली, "कागद भिजेल." पण तिचाही आवाज ठिकाणावर नव्हता. तिने उठून नळ सोडला, उगाचच एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासलं आणि मग बसली ती थेट कामालाच. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून तो बायोडेटा लिहिला. मजकूर अर्ध्या पानाचा. किती वर्षं, किती नग, कुठल्या कुठल्या खोटी नजरेला कळतात, किती नव्या मुलींना काम शिकवलं. गतिमान वगैरे कोणी नाही.

भांडण फक्त एका ओळीवर झालं. तिला शेवटी लिहायचं होतं: "परत आलेला लॉट एक. चूक माझी."

"आकडा राहू दे," मी म्हणाले. "चूक माझी कशाला? कोणी असं लिहीत नाही!"

"मग चूक कोणाची? कपांची?"

मी आदळआपट केली, अबोला धरला, तो पाच मिनिटं टिकला. ओळ राहिली. मग मी तिला खिडकीपाशी बसवून एकच फोटो काढला, समोरून. चिठ्ठी वाचल्यापासून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं, ते त्यात आलं.

प्रोफाइलवर सोबत काम केलेली माणसं शिफारशीचे चार शब्द लिहू शकतात. मी तिच्या टेबलावरच्या मुलींना सांगितलं, त्या तर तुटूनच पडल्या. भट्टीवरच्या मिस्त्रींनी सगळ्यात छान लिहिलं: "त्यांनी माझा माल चारशे वेळा परत पाठवला. चारशेही वेळा त्यांचं बरोबर होतं. फार राग यायचा." आत्याने ते चार वेळा वाचून घेतलं.

"तूही लोकांबद्दल असं लिहू शकतेस," मी म्हणाले.

"मी? छे. चांगलं कसं लिहायचं ते मला येत नाही."

मग पंधरा दिवस शुकशुकाट. मी दर तासाला तिचं प्रोफाइल उघडून बघायचे. काका मात्र फोन करून विचारायचे, कपाट जिन्यातून उतरेल ना, रुंदी मोजून ठेवा. आत्या टेप घेऊन मोजायची आणि खरा आकडा सांगायची. दुसरी कोणी असती तर तिने दोन इंच वाढवून सांगितले असते. मी तर दहा सांगितले असते.

पंचवीस तारखेला एका कारखान्यातून बोलावणं आलं. औषधाच्या काचेच्या बाटल्या बनवणारा कारखाना. सत्तावीसला इंटरव्ह्यू. मी सोबत गेले. मला बाहेरच्या बाकावर बसवलं, पण मधली भिंत काचेची आणि दार अर्धं उघडं, त्यामुळे सगळं दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं. मॅनेजर बाई आत्याहून लहान, गंभीर चेहऱ्याच्या. त्यांनी बायोडेटा वाचला आणि नेमकं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे असं का लिहिलंय? असं कोणी लिहीत नाही."

मी बाहेरून आत्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"तेरा वर्षं झाली," ती म्हणाली. "माझ्या टेबलावरच्या दोन ट्यूबपैकी एक गेली होती. वायरमन दुपारी येणार होता. लॉट घाईचा होता. मी थांबायला हवं होतं, थांबले नाही. दोनशे चाळीस कपांच्या झिलईत सुईच्या टोकाएवढी भोकं होती, अर्ध्या उजेडात मला दिसली नाहीत. सगळे परत आले."

"मग?"

"मग काही नाही. तेव्हापासून पुरता उजेड असल्याशिवाय नगाला हात लावत नाही."

मॅनेजर बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि एक ट्रे पुढे सरकवला. वीस बाटल्या. "यातल्या खराब बाजूला काढा. दहा मिनिटं आहेत."

आत्याने पहिली बाटली उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि परत ठेवून दिली. वर छताकडे पाहिलं. तिथे कापडाच्या टोपीचा एक देखणा पिवळा दिवा होता. मग ती हाताची घडी घालून स्वस्थ बसली. एक मिनिट गेलं. दोन गेली. माझा जीव टांगणीला लागला. अगं उचल ना बाटली, मी मनातल्या मनात ओरडत होते, तिकडे काका कपाटाची दोरी आणून बसलेत!

"काय झालं?" मॅनेजर बाईंनी विचारलं.

"इथे नाही जमणार."

संपलं, मी म्हटलं. गेलं सगळं.

"या दिव्यात मी सही करणार नाही," आत्या म्हणाली. "टेबल खिडकीपाशी घ्या आणि बाटलीच्या मागे काहीतरी काळं धरू द्या. काच मी आजवर तपासलेली नाही, तेही सांगून ठेवते. पण मला नीट दिसल्याशिवाय मी पास म्हणणार नाही आणि बादही म्हणणार नाही."

मॅनेजर बाई उठल्या आणि त्यांनी स्वतः टेबलाचं दुसरं टोक धरलं. दोघींनी ते खिडकीशी नेलं. आत्याने आपली काळी पर्स मागे उभी केली आणि कामाला लागली. एकेक बाटली उजेडात फिरायला लागली तशी तिची पाठ ताठ झाली. पाच बाटल्या बाजूला निघाल्या. प्रत्येकीला लाल टिकली.

"सहा होत्या," मॅनेजर बाई म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले.

"सहावी दाखवा," आत्या म्हणाली. तिने ती घेतली, पर्ससमोर धरली, आडवी केली, उभी केली, पुन्हा आडवी केली. बराच वेळ. "हां. मानेच्या आत बुडबुडा आहे. दिसला. आता नाही सुटायचा."

मॅनेजर बाईंच्या गंभीर चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "तुमच्या आधी नऊ जण येऊन गेले. त्या दिव्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. खोली छान दिसावी म्हणून मीच हौसेने लावलाय तो." निघताना आत्याने दाराजवळच्या बटणाकडे पाहिलं आणि पर्समध्ये हात घातला. त्या दिव्याच्या बटणावर टिकली लागल्याचं मला कारखान्याबाहेर आल्यावर कळलं.

तीस तारखेला दुपारी फोन आला. कामावर घेतलंय, सोमवारपासून या, आणि तपासणीचं टेबल कुठे ठेवायचं ते आधी येऊन सांगा. मी ऑफिसातून धावतच तिच्याकडे गेले आणि तिला मिठी मारून गोल गोल फिरवलं. "सोड, बये, पडेन," ती ओरडत होती आणि हसत होती.

एक तारखेला काका टेम्पो घेऊन आलेच, म्हणे आधीच ठरवला होता, रिकामा कसा परत पाठवू? बंद झालेल्या कारखान्याच्या मालकांनी आत्याला तिचं जुनं तपासणीचं टेबल भेट दिलं होतं. ते काकांनी कारखान्यातून टेम्पोत घालून तिच्या घरी आणलं, जिना चढवला आणि खिडकीशी लावलं. घाम पुसत बहिणीला म्हणाले, "तू आली असतीस तर बरं वाटलं असतं गं. पण तू अशी दिसतेस तेव्हा जास्त बरं वाटतं." आत्याने त्यांना न विचारता चहा केला. टेम्पोच्या मागच्या फुटक्या दिव्याला टिकली लावायलाही विसरली नाही.

यानंतर महिन्याभराने, पुन्हा एका सोमवारी, शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझ्या प्रोफाइलवर कोणीतरी शिफारस लिहिलीय. बघ तरी, काय लिहिलंय!"

मी पान उघडलं.

"नग एक. तपासणीचा काळ एकतीस वर्षं. उजेड खिडकीचा. खोट: तोंड फटकळ, पोक अजून आहे. वापराला हरकत नाही. आवाज खणखणीत. पास."

मी आधी ताठ बसले. मग मला काही दिसेनासं झालं.

"कोण गं ही?" मैत्रिणीने विचारलं.

"माझी आत्या!" मी म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने म्हणाले की साहेब केबिनमधून बाहेर आले.